कोकणात राहायला जाताय? महाग घर की स्वस्त घर, हिशोब कसा मांडायचा

मुंबई-ठाण्याकडून कोकणात राहायला यायचं ठरवलेल्या चार घरांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला, की ताई, रत्नागिरीत टू बीएचके ४५ लाखाला सांगतायत आणि तिथून २५ किलोमीटरवर खाडीकाठी अख्खं घर, खळं, विहीर, दोन माड सगळं मिळून २५ लाखात मिळतंय, मग शहरात एवढे पैसे कशाला घालायचे? प्रत्येकाला फोनवर तास तास सांगून झालं, म्हणून आता सगळं एकदाच नीट लिहून काढते. ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी घ्या.

आमचं थोडक्यात सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. २०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही डोंबिवलीहून रत्नागिरीला आलो. नवऱ्याची बदली झाली होती, मी घरून अकाउंट्सची आणि जीएसटीची कामं करते, मुलगी तेव्हा तिसरीत जाणार होती आणि सासूबाई ६८ वर्षांच्या. पहिलं घर आम्ही स्वस्त आणि सुंदर बघून घेतलं, शहरापासून लांब, खाडीच्या अंगाला, भाडं महिना साडेपाच हजार. तिथे अकरा महिने काढले आणि मग जवळजवळ दुप्पट भाडं देऊन शहरालगत कुवारबावच्या बाजूला आलो, आणि तीन वर्षांनी त्याच भागात घर विकत घेतलं. मी शहराच्या बाजूने बोलेन असं वाटेल पण तसं नाहीये, त्या खाडीकाठच्या घराने आम्हाला जे दिलं तेही खाली लिहिलंय आणि ते आजही आम्हाला हवंहवंसं वाटतं.

पहिलं काम, घर जुलैमध्ये बघा

कोकणात घर बघायला लोक येतात कधी, तर दिवाळीनंतर नाहीतर मे महिन्यात. डिसेंबरात इथलं कुठलंही घर आवडतं हो, हवा गार, आकाश स्वच्छ, आंब्याला मोहोर यायला लागलेला, आणि मालक पडवीत बसवून कोकम सरबत देतो. त्या एका दुपारीच अर्ध्या लोकांचा निर्णय होऊन जातो. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो, म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश भाग तुम्ही ज्या घरात काढणार आहात ते घर तुम्ही बघितलेलंच नसतं. आमच्या त्या पहिल्या घराशेजारच्या आजी आम्ही सामान उतरवत होतो तेव्हाच म्हणाल्या होत्या, "पावसाल्यात येवन बगायचं होतं, मगे घ्यायचं." तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं.

त्या जुलैमध्ये काय काय झालं ते सांगते. वाडीत येणाऱ्या रस्त्यावर एक मोरी (ओढ्यावरचा बुटका पूल) होती, तिच्यावरून दोनदा पाणी गेलं आणि दोन्ही वेळा नवरा रात्री शहरातच सहकाऱ्याकडे राहिला. लाईट एकदा गेली ती तीन दिवस आली नाही, कारण लाईनवर झाड पडलं होतं आणि एकाच वेळी दहा ठिकाणी झाडं पडली असली की महावितरणची माणसं तरी किती ठिकाणी पोचणार. लाईट गेली की दोन-तीन तासांत मोबाईलचा टॉवरही बंद, आणि माझी जीएसटीची तारीख २० जुलै. लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी रेनकोट घालून स्कूटीवर शहरात आले आणि एका ओळखीच्या झेरॉक्सवाल्याच्या दुकानात बसून रिटर्न भरले. मुलीला बुरशीच्या वासाने खोकला सुरू झाला तो गणपतीपर्यंत गेला नाही, कारण घर उताराच्या पोटात होतं, मागची भिंत डोंगराला टेकलेली आणि ती भिंत चार महिने ओलीच असायची. कपाटातले कपडे, चपला, चामड्याचा पट्टा, दप्तर, सगळ्यावर पांढरी बुरशी.

म्हणून घर पसंत पडलं तरी टोकन द्यायच्या आधी पावसाळ्यात दोन दिवस तिथे मुक्काम करा, जमलं तर त्याच घरात नाहीतर त्याच वाडीत. आणि हे बघा: घरापर्यंत गाडी येते की शेवटचं अंतर पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) चढून जायचंय, मधे साकव (ओढ्यावरचा साधा पायपूल) किंवा मोरी आहे का आणि पाऊस लागला की त्याचं काय होतं, मागची भिंत हाताला ओली लागते का, कौलांतून कुठे गळतं, लाईट गेली तर किती वेळाने येते (हे मालकाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, ज्याच्या फ्रीजमधलं दूध नासतं तो खरं सांगतो), आणि फोनवर घराच्या आतून बोलता येतं की अंगणात यावं लागतं. पावसाळ्यात जमत नसेल तर निदान शेजारी, दूधवाला आणि एसटीचा कंडक्टर ह्या तिघांना विचारा की पावसात गाडी कुठपर्यंत येते.

मे महिन्यातही एक चक्कर हवी, पाण्यासाठी. एवढा पाऊस पडून एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही, पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, सगळं वाहून समुद्राला जातं. सड्यावरची (उंच कातळी पठारावरची) घरं उघडी, हवेशीर आणि कोरडी असतात, बुरशीचा त्रास कमी, पण तिथेच पाण्याची टंचाई जास्त. खाली आगरात (माडा-पोफळींच्या बागेत) विहिरीला पाणी असतं पण ओल असते, आणि खाडीजवळ विहीर असेल तर मेमध्ये पाणी मचूळ होतं का ते चव घेऊन बघायचं.

आता पैशाचा हिशोब

हा मी कागदावर मांडून दाखवते, आकडे तुमचे तुम्ही घाला, पद्धत बघा. समजा शहराजवळचा फ्लॅट ४५ लाख आणि लांबचं घर २५ लाख. फरक २० लाख. हा सगळा फरक कर्जानेच भरायचाय असं धरलं तर साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी त्याचा हप्ता येतो साधारण १७,३५० रुपये. म्हणजे महाग घर निवडलं की महिन्याला एवढे जास्त गेले. इथपर्यंत सगळे जण करतात आणि इथेच थांबतात.

पुढचा भाग असा. लांबच्या घरातून एक माणूस रोज कामाला जाणार, जायचे २५ आणि यायचे २५, दिवसाला ५० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस धरले तर १,२५० किलोमीटर. चारचाकी लिटरला १५ देते असं धरा आणि पेट्रोल १०५ रुपये, झाले ८,७५० रुपये. शहराजवळ राहिलात तर तेच काम दुचाकीवर पाचशे रुपयांत होतं, म्हणजे फरक सव्वाआठ हजार. (लांबूनही दुचाकीने जाईन असं सगळे म्हणतात, मेपर्यंत. पावसात, रात्रीच्या वेळी, वळणावळणाच्या रस्त्यावर, खड्ड्यात पाणी भरलेलं असताना रोज ५० किलोमीटर दुचाकीने जाणं धोक्याचं आहे, मी तरी घरच्या माणसाला करू देणार नाही.) एवढी गाडी पळली की टायर, सर्व्हिसिंग, क्लचप्लेट ह्याचे महिना दीड हजार धरा. शाळेच्या व्हॅनचे लांबून दीड हजार जास्त. मेमधले टँकर वर्षभरात वाटले तर महिना पाचशे. इन्व्हर्टरची बॅटरी तीन वर्षं चालते असं धरलं तर महिना चारशे. बेरीज झाली सव्वाबारा हजाराच्या आसपास.

म्हणजे १७,३५० चा फरक दिसत होता तो खरा राहिला पाच हजार, जास्तीत जास्त साडेपाच. आता ह्या पाच हजारात काय मिळतं ते बघा. रोजचा प्रवास पावणेदोन तासांवरून पंचवीस मिनिटांवर आला, म्हणजे दिवसाला एक तास वीस मिनिटं, महिन्याला तेहतीस तास. पाच हजार दोनशेला तेहतीसने भागलं तर तासाला १५५-१६० रुपये पडतात. आता स्वतःला विचारा, नवरा किंवा बायको रोज सव्वा तास आधी घरी आली, पोरांबरोबर बसून जेवली, तर त्या तासाचे मी १६० रुपये देईन का? आमच्या घरी ह्याचं उत्तर लगेच हो आलं. तुमच्याकडे घरून काम करणारी दोनच माणसं असतील, शाळेचं पोर नसेल, तर प्रवासाचा खर्चच निघून जातो आणि मग लांबचं घर खरोखर साडेसोळा हजारांनी स्वस्त पडतं, मग तुम्ही तेच घ्या, फक्त नेट आणि लाईटची सोय आधी बघा.

एक गोष्ट अजून, हप्त्यातला काही भाग मुद्दल फेडायला जातो आणि तेवढं घर आपलं होत जातं, पेट्रोलचे पैसे गेले ते गेले. हिशोबात ते धरायला विसरू नका. पण त्याच वेळी हेही बघा की हप्ता भरून हातात काय राहतं. हप्त्यासाठी पगाराचा तिसरा हिस्सा गेला तर इथे नीट जगता येतं, निम्मा गेला तर समुद्र दारात असून काही उपयोग नाही, कारण आजारपण आलं की कोल्हापूर-मुंबईच्या वाऱ्या, राहणं, जेवण ह्यातच पैसे संपतात. मी ओळखीच्यांना एवढंच सांगते की हप्ता ठरवताना एका माणसाचा पगार बंद झाला असं धरून बघा.

आणि सुरुवातीची रोख रक्कम. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे ४५ लाखाच्या फ्लॅटला ३६ लाख बँकेचे आणि ९ लाख तुमचे, वर स्टँप ड्यूटी (घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळते) आणि नोंदणी फी एक टक्का, ती जास्तीत जास्त ३० हजार. हे सगळं रोख हवं. जुनं कौलारू घर, गावठाणातलं, नुसता ग्रामपंचायतीचा असेसमेंट (घरपट्टीचा) उतारा असलेलं, त्याला बऱ्याच बँका कर्जच द्यायला तयार होत नाहीत, त्यामुळे २५ लाखाचं घर स्वस्त दिसतं पण २५ लाख खिशात असतील तरच ते स्वस्त.

ज्या गोष्टी तराजूत घालायच्याच नाहीत

सगळ्या गोष्टींची पैशात तुलना होत नाही, काही गोष्टी आधीच बाजूला काढायच्या आणि त्यात घर नापास झालं तर पुढे बघायचंच नाही. आमच्याकडे अशी पहिली गोष्ट म्हणजे दवाखाना. त्या वर्षी सप्टेंबरात रात्री दोन वाजता सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन केला, त्यांनी गाडी पाठवली, पण मुख्य रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत पाखाडी, तर शेजारच्या तीन मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून वर रस्त्यापर्यंत नेलं. ती मुलं झोपेतून उठून धावली, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. सुदैवाने ॲसिडिटी निघाली. पण दवाखान्यात पोचायला जो दीड तास लागला त्यातच नवऱ्याने आणि मी न बोलता ठरवलं की इथून निघायचं.

तेव्हा घरात साठीच्या वरचं माणूस, दम्याचा पेशंट किंवा तान्हं मूल असेल तर चोवीस तास डॉक्टर असलेला दवाखाना पावसाळ्यातल्या रात्री अर्ध्या तासात गाठता आला पाहिजे, हा नियम धरा आणि त्यात सूट देऊ नका. गेल्या काही वर्षांत परिस्थिती सुधारलीय, अलिबागला, सिंधुदुर्गात ओरोसला आणि रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, चिपळूणजवळ डेरवणचं हॉस्पिटल आहे. तरी मोठं काही झालं की सिंधुदुर्गातली माणसं गोव्याला बांबोळीला जातात आणि रत्नागिरीची कोल्हापूरला नाहीतर मुंबईला, हे लक्षात ठेवूनच जागा निवडा. सर्पदंशावरची लस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवतात का हेही विचारून घ्या, कातळाच्या भागात फुरसं (छोटा विषारी साप) असतं आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) दगडांत हात घालायची शहरातल्या माणसाला सवय नसते.

दुसरी गोष्ट पाणी शिरणं आणि दरड. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा बाजारपेठेतल्या दुकानांचं आणि तळमजल्यावरच्या घरांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, त्याच दिवशी महाडजवळ तळीये गावावर दरड आली. चिपळूणला घर बघत असाल तर २००५ ला आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते त्याच गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा, तो भिंतीवर हात लावून दाखवेल. आणि पूररेषेच्या नकाशात ती जागा कुठे येते तेही बघा. उतारावरचं घर असेल तर वरच्या बाजूला डोंगर कापून सपाटी केलीय का ते बघायला स्वतः वर चढून जा.

चांगलं जगणं म्हणजे नक्की कोणाचं

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ह्यावर लोक सगळ्यात कमी बोलतात. "कोकणात राहणीमान छान" असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर समुद्र असतो. पण घरातल्या प्रत्येकाचा एक साधा मंगळवार कसा जाणार आहे तो कागदावर लिहा, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, प्रत्येकाने आपला आपला लिहायचा, एकमेकांचा नाही. आम्ही दुसरं घर शोधताना हे केलं. नवऱ्याच्या कागदावर प्रवास, माझ्या कागदावर नेट आणि एक बंद होणारी खोली, मुलीच्या कागदावर चित्रकलेचा क्लास आणि मैत्रिणी. तिघांचं उत्तर शहराकडे जात होतं.

सासूबाईंचा कागद वेगळा निघाला. त्यांना ते खाडीकाठचं घर सोडायचं नव्हतं. दुपारी शेजारणी पडवीत येऊन बसायच्या, कुणी अळूची पानं घेऊन येई, कुणी फणस, कुणाच्या घरी कालवं आली तर वाटीभर आमच्याकडे. मेमध्ये आगोटीची (पावसाळ्यासाठीची) बेगमी सगळ्या बायकांनी मिळून केली, मिरच्या वाळवल्या, सुकी मच्छी भरून ठेवली, आमसुलं केली, आणि डोंबिवलीत बावीस वर्षं चौथ्या मजल्यावर काढलेल्या बाईला तिथे पहिल्यांदा माणसांत आल्यासारखं वाटलं होतं. ज्यांना रात्री खुर्चीतून वर न्यावं लागलं त्यांनाच तिथे राहायचं होतं, हे कसं सोडवायचं? आणि आम्ही शहराजवळ दुसऱ्या मजल्यावर भाड्याने आलो तेव्हा पहिले दोन महिने त्या खिडकीत बसून असायच्या, जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. दवाखाना दहा मिनिटांवर आला आणि माणूस मात्र आतून खचत चालला, हाही खर्चच आहे आणि तो कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

म्हणून विकत घेताना आम्ही वरचा, हवेशीर, लांबून समुद्र दिसणारा फ्लॅट सोडला आणि तळमजल्याचा घेतला, पुढे ओटा आहे, येणारी-जाणारी बाई दोन मिनिटं टेकते, बाजूला मोगरा-अबोली लावायला जागा आहे. ओल थोडी जास्त लागते, त्यासाठी पावसाळ्यात कपाटांत चुन्याच्या पुरचुंड्या ठेवतो आणि दुपारी तासभर पंखे चालू ठेवतो. समुद्र बघायचा झाला की संध्याकाळी भाट्याला जातो, वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि खरं सांगू का, रोज दारातून बघण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा जाऊन बघितलेला समुद्र आम्हाला पुरतो.

समुद्राला अगदी लागून घर घ्यायचा विचार असेल तर खारं वारंही हिशोबात घ्या. ग्रील, बिजागऱ्या, गेट, एसीचं बाहेरचं युनिट, गाडीचा सायलेन्सर, सगळं लवकर गंजतं, दर दोन वर्षांनी रंगकाम निघतं. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावात समुद्र किती आत येतोय आणि त्यासाठी केवढा बंधारा बांधावा लागतोय ते जाऊन बघून या. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दापोलीकडच्या माणसांना विचारा, पत्रे उडाले ते परत घातले पण सुपारीच्या बागा उभ्या राहायला किती वर्षं जातात ते कळेल.

कुठे महाग आणि का महाग

अलिबाग-मांडवा-किहीम-आवास हा पट्टा महाग आहे कारण तिथला भाव मुंबईच्या वीकेंडवाल्यांनी ठरवलाय, स्थानिक पगारावर ठरलेला नाही. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, गाडीसकट तासाभरात पार, आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला. तुम्हाला आठवड्यातून दोन-तीनदा खरंच दक्षिण मुंबईत जायचं असेल तर तिथल्या जास्त भावाला अर्थ आहे. मात्र गेटवेच्या साध्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा रो-रोवर किंवा रस्त्यावरच भिस्त, आणि रो-रोचं महिन्याचं भाडं हिशोबात लिहा. मुंबईला जायचंच नसेल तर त्या भावाचे पैसे तुम्ही दुसऱ्याच्या सोयीसाठी देताय, मग पोयनाडकडे किंवा खाली दक्षिणेला बघा.

दापोलीची हवा छान, उंचावर असल्याने उकाडा कमी, कृषी विद्यापीठामुळे शिकलेली वस्ती, पण रेल्वे नाही, खेडला जावं लागतं. गुहागरला चिपळूणचं स्टेशन. मालवण सगळ्यांना हवं असतं पण तिथेही स्टेशन नाही, पर्यटनामुळे जागांचे भाव वाढलेत आणि सुट्टीत गर्दी. कुडाळला स्टेशन आहे, हायवे आहे, बाजार आहे, ओरोस जवळ आहे, समुद्र तासाच्या आत. मला स्वतःला सिंधुदुर्गात राहायचं असतं तर मी कुडाळ किंवा सावंतवाडी बघितलं असतं आणि मालवणला रविवारी गेले असते.

शाळेची काळजी फार लोक करतात. दहावी-बारावीच्या निकालात कोकण बोर्ड वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, मराठी शाळांतले मास्तर मनापासून शिकवतात, पोरं चालत शाळेत जातात. अकरावीनंतर नीट-जेईईचे क्लास हवे असतील तर मात्र शहराजवळ राहणं किंवा हॉस्टेलचा खर्च, दोन्हीपैकी एक धरावं लागतं.

कागद

शहराजवळच्या नवीन इमारतीत महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर बघा, वेबसाईटवर सगळं दिसतं. गावाकडच्या घराचं प्रकरण वेगळं. आम्ही २०२१ मध्ये एक छोटी जागा बघितली होती, एजंटाला ५१ हजार टोकन दिलं आणि नंतर सातबारा काढला तर त्यावर अकरा नावं. सामाईक जमीन, त्यातले निम्मे भाऊबंद मुंबईत, एक बडोद्याला, दोघं वारलेले आणि वारसनोंद झालेली नाही. टोकन परत मिळायला सात महिने लागले. तेव्हापासून सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा) आणि फेरफार (मालकी बदलाची नोंद) हातात आल्याशिवाय मी कुणालाही एक रुपया देऊ नका असं सांगते. आणि ते कागद इथल्याच तालुक्याच्या वकिलाला दाखवायचे, सातबाऱ्यावर इतर हक्कात कूळ (जमीन कसणारा हक्कदार) आहे का, वाट कोणाच्या जमिनीतून आहे, विहीर नक्की कोणाची, हे तोच सांगू शकतो. वाटेवरून इथे पिढ्यानपिढ्या भांडणं चालतात.

शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती शेतकऱ्यालाच घेता येते, तुमच्या नावावर किंवा वडिलोपार्जित शेती नसेल तर एनए (बिगरशेती) झालेलीच बघा. समुद्र-खाडीजवळ सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) लागतो, जुनं घर उभं आहे म्हणून नवीन बांधता येईलच असं नाही, दुरुस्तीलासुद्धा आधी विचारून घ्या.

आधी भाड्याने राहा, पण करार नीट करा

४५ लाखाच्या फ्लॅटचं भाडं समजा १२ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. त्याच फ्लॅटच्या ३६ लाख कर्जावर पहिल्या वर्षी व्याजच तीन लाखांच्या वर जातं. एक वर्ष भाड्याने राहून नुकसान काहीच होत नाही, उलट गाव कळतं. भाडेकरार लिहून रजिस्टर करा, तोंडी राहू नका, मालक कितीही गोड असला तरी.

कोकणातल्या करारात दोन गोष्टी वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात. एक म्हणजे मालक चाकरमानी असेल आणि घर मूळ घर असेल तर गणपती आणि शिमग्याला तो कुटुंबासकट येतो, देव त्याच घरात असतात, मग माजघर किंवा पुढची खोली त्यांना द्यायची का, किती दिवस, स्वयंपाकघर कसं वापरायचं, हे आधीच ठरवा. आम्हाला पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं, गणपतीच्या चार दिवस आधी फोन आला की आम्ही चौदा जण येतोय. माणसं प्रेमळ होती, सण छान झाला, आरत्या, भजनं, मोदक, पण मी आठवडाभर काम करू शकले नाही. दुसरी गोष्ट कौलं. पावसाच्या आधी कौलं परतायची, पन्हळी साफ करायच्या, झाडाच्या फांद्या तोडायच्या, हा खर्च कोणाचा ते लिहा, नाहीतर मेच्या शेवटच्या आठवड्यात गडी मिळत नाही आणि मालक फोन उचलत नाही.

कराराची तारीख १ मे ठेवा. अकरा महिन्यांत मेचं पाणी बघून होतं, अख्खा पावसाळा, गणपती, दिवाळीनंतरची थंडी, शिमगा, आणि करार संपतो ३१ मार्चला, तेव्हा शाळेचं वर्षही संपत आलेलं असतं, पोरांची शाळा मधेच बदलावी लागत नाही. त्या अकरा महिन्यांत एक वही ठेवा, रोज नाही जमलं तर दर रविवारी, लाईट किती तास गेली, पेट्रोल किती, दवाखाना किती वेळा, कोण किती वाजता घरी आलं, आणि शेजारचं कोण येऊन बसलं. फेब्रुवारीत ती वही घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचा आणि मगच एजंटला फोन करा.